बंद घरातला दिवा



ह्या व्यासपीठावर इतिहासाचे, तत्त्वज्ञानाचे आणि साहित्याचे मोठमोठे जाणकार बोलून गेले. त्यांच्या पंक्तीला नांदेडच्या एका कामगार कार्यकर्त्याला आपण बसवलेत, ह्याबद्दल मी आपला ऋणी आहे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर झाले. तेव्हा विद्वत्तेचा विषय मी घेणार नाही, घरातला घेतो. आपण घर बंद करून गावाला जातो, तेव्हा मागे दिवा लावून जावे काय? लावला तर त्याने चोर फसतो काय? आणि नुसत्या दिव्याने घर राखले जाते काय? ह्या तीन प्रश्नांची मला सुचलेली उत्तरे मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

हा विषय लातुरात बोलण्यासारखा आहे, आणि त्याला कारण आपली येळवस. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला हा सबंध जिल्हा शेतात जातो. ज्याला शेत आहे तो स्वतःच्या शेतात जातो, ज्याला नाही त्याला कोणीतरी आवतण देतोच. आंबिलीचे बिंदगे, भज्जी, उंडे, खीर असा सरंजाम घेऊन घरेच्या घरे सकाळी बाहेर पडतात. दुपारी लातूरच्या बाजारपेठेतून चालत जावे, तर संचारबंदी आहे की काय असे वाटते. संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून शेताला फेरी घालतात. आता गंमत पाहा. दिवस डिसेंबर-जानेवारीचा, म्हणजे सहाच्या सुमारासच सूर्य मावळलेला. तिथी अमावास्येची, म्हणजे आकाशात चंद्र नाही. उजेड सगळा शिवारात आणि अंधार सगळा गावात! कोणत्या घरी आज कोणी नाही, हे चोराला विचारत फिरावे लागत नाही. पंचांग त्यालाही वाचता येते.

येळवस एका दिवसाची असते. पण घर बंद पडण्याची आपल्याकडची कारणे पुष्कळ आहेत. दिवाळीला माहेरी जाणे, मे महिन्यात मुलांना आजोळी नेणे, तिरुपतीला जाणे, आषाढीला पंढरपूर गाठणे ही सर्वांची कारणे झाली. त्यांत लातूरने स्वतःचे एक कारण घातले आहे. मुलांच्या शिक्षणासाठी आई लातुरात खोली घेऊन राहते आणि खेड्यातल्या घरी एकटे वडील उरतात; ते दोन दिवस बाहेर गेले की घराला कुलूप. 2016 च्या उन्हाळ्यात तर पाण्याने ही पाळी आणली. त्या वर्षी 12 एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली, हे आपणांपैकी कित्येकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या दिवसांत बायकामुलांना पाहुण्यांकडे पाठवून देणारी घरे ह्या शहरात थोडी नव्हती. शिवाय एस.टी.चे चालक-वाहक मुक्कामी गाडी घेऊन जातात, रेल्वेचे कामगार दोन दोन रात्री बाहेर काढतात, आणि दसरा झाला की कंधार, मुखेड, जळकोटकडची ऊसतोड मजुरांची कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात, ती पाडव्याच्या सुमाराला परत येतात. पर्यटनाला जाणारा आठ दिवस घर बंद ठेवतो, ऊसतोडणीला जाणारा सहा महिने. दोघांचे कुलूप सारखेच दिसते.

आता अंधाराचे आणि चोरीचे नाते किती जुने आहे ते कायद्याच्या पुस्तकातच पाहा. 1860 च्या भारतीय दंड संहितेने दिवसाची घरफोडी आणि रात्रीची घरफोडी वेगळी मानली होती. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी तिच्या 331 व्या कलमात हा भेद कायमच आहे. चोरीसाठी केलेल्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. तेच कृत्य सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केले, तर चौदा वर्षांपर्यंत. मधली चार वर्षे ही अंधाराची किंमत आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पण चोर येतो तो केवळ अंधार पाहून येत नाही. तो रिकामेपणा पाहून येतो. बहुतेक चोरांना घरात कोणाशी गाठ पडायला नको असते. त्यांना वस्तू हवी असते, झटापट नको असते. म्हणून तो आधी घर वाचतो. दारात सडा नाही, रांगोळी नाही, हे पहिले अक्षर. फाटकात तीन दिवसांची वर्तमानपत्रे पडली आहेत, हे दुसरे. अंगणातली तुळस वाळली आहे, हे तिसरे. आणि पुढच्या दाराला बाहेरून कडीकोयंड्यात भले मोठे कुलूप लोंबते आहे, हे तर मोठ्या टायपातले शीर्षक! त्या कुलपाचा आपल्याला जेवढा आधार वाटतो, तेवढाच चोरालाही वाटतो. ह्यावर उपाय साधा आहे. शक्य असेल तर पुढच्या दाराला आत बसणारे कुलूप करून घ्यावे, नाहीतर पुढचे दार आतून लावून मागच्या दाराने बाहेर पडावे. वर्तमानपत्र बंद ठेवायला सांगावे किंवा शेजारी टाकायला सांगावे. आणि आजकालचा नवा सडा-रांगोळीचा प्रकार, म्हणजे व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर तिरुपतीच्या रांगेतला फोटो, तो घरी परत आल्यावर टाकावा. देव तोवर थांबतो.

आता दिव्याकडे येऊ. पुष्कळ मंडळी गावाला जाताना ओसरीवरचा एक दिवा लावतात आणि निश्चिंत होतात. हा दिवा रात्री जळतो, तसाच दिवसाही जळतो. भर बारा वाजता, रणरणत्या उन्हात, रिकाम्या ओसरीवर जळणारा दिवा काय सांगतो? घरात तो मालवायला कोणी नाही, हेच सांगतो. म्हणजे आपण चोराला फसवायला गेलो आणि त्यालाच निरोप धाडून बसलो. रात्रभर पेटलेल्या दिव्याचीही तीच गत. माणसे राहतात त्या घरात उजेड फिरता असतो. तिन्हीसांजेला स्वयंपाकघरात दिवा लागतो, जेवणे झाली की बाहेरच्या खोलीत लागतो, साडेदहा-अकराला घर काळोखात जाते, मध्येच कधी न्हाणीघराची खिडकी पाच मिनिटे उजळते. घराला अशी एक चाल असते. दिव्याने घर वसते दाखवायचे असेल, तर त्या दिव्याला ही चाल शिकवली पाहिजे.

ती शिकवणारी साधने आता बाजारात आहेत, आणि ती श्रीमंतांसाठीच आहेत असे नाही. एक आहे टायमरचा सॉकेट. त्याच्या तबकडीवर चोवीस तासांच्या खुणा असतात; सात ते साडेनऊ लाव आणि मग बंद कर, असे एकदा ठरवून दिले की तो रोज तसे करतो. ऋतूप्रमाणे वेळ मात्र बदलली पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, येळवशीला सहाच्या सुमारास. दुसरे साधन उजेड ओळखणाऱ्या दिव्याचे. अंधार पडला की तो आपोआप लागतो, उजाडले की मालवतो. तो ओसरीला चांगला. तिसरे, मोबाइलवरून लावता येणारे दिवे. त्यांना घरात इंटरनेट चालू राहावे लागते.

टायमरच्या बाबतीत मात्र आपल्या मराठवाड्याच्या माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तबकडीचा साधा टायमर विजेवरच फिरतो. वीज गेली की त्याचे घड्याळ थांबते आणि वीज आली की तिथून पुढे चालू लागते. दुपारी चार तास वीज नव्हती, तर सातचा दिवा रात्री अकराला लागेल आणि साडेनऊला मालवायचा तो मध्यरात्रीनंतर दीडला मालवेल. 2005 नंतरची भारनियमनाची वर्षे आपण विसरलेलो नाही. तेव्हा कोणत्या भागात किती वाजता अंधार होणार, ह्याचे वेळापत्रकच वर्तमानपत्रात छापून येत असे! आता तशी स्थिती नाही; तरी वळवाचा एक पाऊस आणि एक मोडलेली फांदी एवढे विजेला पुरते. म्हणून टायमर घेताना बॅटरीवर वेळ सांभाळणारा घ्यावा.

खर्चाचा हिशेबही सांगून टाकतो, कारण आमच्या सभेत हिशेब मांडल्याशिवाय ठराव पास होत नाही. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास, असा दहा दिवस जळला, तर साडेचारशे वॅट-तास झाले. हजार वॅट-तासांचे एक युनिट, म्हणजे अर्धे युनिटही नाही. जुना साठ वॅटचा बल्ब तेवढाच वेळ जळला तर तीन युनिटे जातात. आणि साठ वॅटचे दोन बल्ब रात्रंदिवस दहा दिवस जळत ठेवले, तर जवळजवळ एकोणतीस युनिटे. म्हणजे अविचाराचा दिवा महाग, शिवाय निरुपयोगी. आणखी एक अडचण आहे. शॉर्टसर्किटच्या भीतीने पुष्कळ लोक जाताना मुख्य स्विचच बंद करतात. भीती खोटी नाही. पण नव्या वायरिंगमध्ये दिव्यांचे आणि मोठ्या उपकरणांचे खटके वेगवेगळे असतात. गीझर, पंप, इस्त्री ह्यांचे खटके पाडून दिव्यांचा तेवढा ठेवता येतो. वायरिंग जुनी असेल तर आधी वायरमनला दाखवावी. आणि बंद घरात तेलाचा दिवा कधीही ठेवू नये, श्रद्धेचा असला तरी नाही. आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट ओळखली होती. घट बसले आणि नंदादीप लागला की घर बंद ठेवू नये, एकाने तरी मागे राहावे, अशी रीत त्यांनी घातली. दिव्यापाशी माणूस पाहिजे, हा त्या रीतीचा अर्थ मी घेतो.

इथपर्यंत मी दिव्याची बाजू मांडली. आता त्याची मर्यादा सांगतो. दिव्याने लांबून जाणारा अनोळखी चोर फसेल. पण घर रिकामे आहे हे ज्यांना माहीतच असते, त्यांचे काय? भांडी घासणाऱ्या मावशींना आपण सांगूनच जातो. गवळ्याला दूध बंद करायला सांगतो, पेपरवाल्याला पेपर बंद करायला सांगतो. वसाहतीच्या राखणदाराला माहीत असते. म्हणजे आपण घराबाहेर पडतो, तेव्हा आपल्या घराचे गुपित चार-पाच कष्टकऱ्यांच्या स्वाधीन करून जातो. आणि परत येऊन पाहतो तो कुलूप तुटलेले असेल, तर पहिला संशय कोणावर? त्याच चार-पाच जणांवर!

काही वर्षांपूर्वीची, आमच्या युनियनकडे आलेली एक हकीकत सांगतो. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. एका वसाहतीतले कुटुंब आठ दिवस यात्रेला गेले. ओसरीवरचा दिवा रात्रंदिवस जळत होता. सहाव्या रात्री घर फुटले. कुटुंब परत आल्यावर धुण्याभांड्याच्या मावशींना चौकीवर बोलावणे आले. एक दिवस बसवून ठेवले, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. त्यांच्यावर काही निघाले नाही. पण बाई चौकीवर बसल्या होत्या एवढे वसाहतीला पुरले, आणि आठवड्याभरात त्यांची चार घरांची कामे सुटली. चार घरे म्हणजे त्यांचा सगळा महिना. पुढे दोन महिन्यांनी दुसऱ्याच तालुक्यात चोर सापडले. ते त्या वसाहतीत कधी कामाला नव्हते की कोणाच्या ओळखीचे नव्हते. दुपारी रस्त्याने जाताना जळता दिवा पाहिला आणि घर हेरले, असे त्यांनी सांगितले. माल थोडाफार परत मिळाला. मावशींची कामे परत मिळाली नाहीत. चोर सापडले, तुमच्यावर किटाळ नाही, एवढे सांगायलाही त्यांच्या खोलीवर कोणी गेले नाही. ते आमच्या कार्यकर्त्याने जाऊन सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, मला तर माहीतच होतं. त्यांना सांगा."

2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याने नोंदणीची वाट दाखवली, पण असल्या संशयावर कोणता कायदा औषध देणार? ते औषध वसाहतीनेच तयार केले पाहिजे. ज्यांना आपण संशयित धरतो, तीच माणसे आपल्या घराचे खरे डोळे आहेत. पहाटे पाचला तुमच्या गल्लीत कोण असते? पेपरवाला असतो, दूधवाला असतो. सकाळी सातला घराघरांतून फिरणाऱ्या मावशी असतात. फाटक वाकलेले, खिडकी उघडी, अंगणात अनोळखी पाऊल, हे त्यांच्या नजरेला सर्वांआधी पडेल. पण पडले तरी ते सांगतील काय? सांगणाराच चौकीवर बसणार असेल, तर तो मान खाली घालून पुढे जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

आम्ही नांदेडकर रेल्वेच्या शेजाराने वाढलेले. रेल्वेचा एक नियम मला फार आवडतो. रात्री सिग्नलचा दिवा विझलेला दिसला, तर ड्रायव्हरने 'दिवा नाही, चला पुढे' असे समजायचे नसते. त्या सिग्नलचा सर्वांत कडक इशारा लागू आहे असे धरून चालायचे असते. ह्या नियमाची खुबी अशी, की तिथे उजेडाला अर्थ आहे तसा अंधारालाही आहे. आणि तो अर्थ दिवा लावणाऱ्याला आणि दिवा पाहणाऱ्याला, दोघांनाही आधीपासून ठाऊक आहे. बंद घरातल्या दिव्याला मी हीच जागा देऊ इच्छितो. शेजारच्या काकूंना आणि कामाच्या मावशींना सांगून जावे, "आमचा पुढच्या खोलीतला दिवा रोज सातला लागेल आणि साडेनऊला मालवेल. तो वेळेवर लागला नाही, किंवा मध्यरात्री लागलेला दिसला, तर फोन करा." एवढे सांगितले की त्या नऊ वॅटच्या दिव्याचा सिग्नल झाला. तोवर तो चोराला दाखवायचा देखावा होता. आता तो शेजाऱ्यांशी केलेला करार झाला. वीज गेल्याने दिवा लागला नाही, तरी काही बिघडत नाही. एक फोन येईल, दोन वाक्ये होतील, आणि घरावर नजर आहे एवढे कळेल.

ही माझ्याच डोक्यातली कल्पना आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावाजवळ कर्कहोल्ट नावाची कामकरी वर्गाची वसाहत आहे. तिथे घरफोड्यांचा सुळसुळाट होता, आणि एकदा फुटलेले घर पुन्हा फुटत असे. 1986 च्या सुमारास तिथे एक प्रयोग सुरू झाला. नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर चोरांना पैशाच्या पेटीसारखे होते, ते काढून टाकले; कड्याकुलपे सुधारली; आणि ज्याचे घर फुटले त्याच्या आसपासच्या पाच-सहा घरांनी त्या घरावर लक्ष ठेवायचे, असे ठरवले. कोशात अळी सुरक्षित असते, म्हणून ह्या योजनेला त्यांनी कोशाचेच नाव दिले. तीन वर्षांत तिथल्या घरफोड्या सुमारे तीनचतुर्थांशाने घटल्या. सबंध शहराने सबंध शहरावर लक्ष ठेवणे कोणालाच जमत नाही. सहा घरांनी एका घरावर लक्ष ठेवणे जमते.

आपल्याला ह्यासाठी कर्कहोल्टला जायला नको. गिरणीच्या चाळी आठवा. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून चाळीत रात्रीच्या कोणत्याही प्रहराला कोणी कामावर निघालेले असे, कोणी परतून भाकरी खात बसलेले असे. कुठल्या तरी खोलीत दिवा असेच. एखादी खोली महिनाभर बंद असली, तरी संध्याकाळी शेजारीण तिच्या उंबऱ्यावर क्षणभर दिवा दाखवून जाई. त्या खोल्यांत चोरण्यासारखे फार नव्हते, हे खरे. पण चोराला जिथे एकही निवांत तास मिळत नाही, अशी ती जागा होती. गिरण्या बंद पडल्या, चाळी गेल्या, आपण फाटकाच्या घरांत राहायला आलो. फाटक चांगले आहे. पण फाटकाआड शेजार मात्र राहिला नाही.

शेवटी ज्यांना टायमर घेता येत नाही त्यांच्याबद्दल बोलतो. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या एखाद्या तांड्यावर किंवा वाडीत जाऊन पाहा. ओळीने घरे बंद, मागे दोन-चार म्हातारी माणसे आणि शाळेसाठी ठेवलेली पोरे. तिथे शेजाऱ्याला सांगून जावे, तर शेजारीच त्याच टोळीत कोयता घेऊन निघालेला! वर्षभराचे धान्य, दोन भांडी, लेकीच्या लग्नासाठी घेतलेला एखादा डाग एवढ्यावर सहा महिने कुलूप. तिथला दिवा म्हणजे गावचा रस्त्यावरचा दिवा, आणि बिल थकले की नेमका तोच तुटतो. माझी मागणी मोठी नाही. हंगामाच्या सहा महिन्यांत अशा वस्त्यांचे रस्त्यावरचे दिवे कोणत्याही थकबाकीसाठी तोडू नयेत. कोणती घरे बंद आहेत ह्याची यादी मजूर निघतानाच पोलीस पाटलाकडे असावी आणि त्या यादीप्रमाणे गस्त व्हावी. शहरातला माणूस गावाला जाताना पोलीस ठाण्यात कळवतो, तसेच ह्यांचेही कळवणे मानले जावे. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या हाती एक फोन नंबर असावा, आणि त्यावर कोणीतरी उत्तर द्यावे.

तेव्हा मित्रहो, दिवा अवश्य लावा. तो संध्याकाळी लागेल आणि रात्री मालवेल अशी व्यवस्था करा. बाहेरचे कुलूप झाका. पण निघण्यापूर्वी पाच मिनिटे काढून दोन दारे ठोठवा, एक शेजाऱ्याचे आणि एक तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचे. त्यांना दिव्याची वेळ सांगा, तुमचा नंबर द्या, आणि परत आलात की प्रसाद घेऊन त्यांच्याकडे आधी जा. येत्या येळवशीला शेताकडे निघण्याआधी प्रत्येक गल्लीने एवढे ठरवावे, की त्या दिवशी गल्लीतले एक घर मागे राहील आणि त्या घराची आंबील-भज्जी बाकीच्यांनी रात्री आणून पोचवावी. दर वर्षी पाळी बदलावी.